पहिल्या पानावर कोणता फोटो लावू?

तिरोडा
११ मे २०२५

रीता,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही हे फोडलं असशील, तर आता पुरतं वाच. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, व्हॉट्सअपवरही केलं आहेस. तुझ्या नवऱ्याला, भूपेंद्रजींना, फोन लावला तर तो बिचारा "दीदी, वो अभी काम में है" एवढंच म्हणतो, आणि मागून प्रिंटिंग मशीनचा आवाज येतो. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा कागद. तुमच्या बालाघाटच्या दुकानाच्या पत्त्यावरच टाकते आहे.

काम असं की मी वेबसाइट बनवते आहे. हसू नकोस. माझ्या फोटोंची, माझ्या नावाची.

झालं काय, पॉवर प्लांटच्या कॉलनीतली एक बाई आली होती, मुलीच्या साखरपुड्याचं विचारायला. मी आपला जाडजूड अल्बम तिच्या मांडीवर ठेवला. तिने दोन पानं उलटली, अल्बम बाजूला सरकवला आणि म्हणाली, "आपकी वेबसाइट का लिंक हो तो भेज दीजिए." माझ्याकडे लिंक कुठली? ते काम गोंदियाच्या एका पोराने नेलं. त्याचे फोटो मी पाहिले. नवरीचा चेहरा मैद्यासारखा पांढरा. पण लिंक होती ना त्याच्याकडे.

मग मी गेले ओमेशकडे. तहसीलजवळ तो ऑनलाइन सेंटर चालवतो, सातबारे काढतो, स्कॉलरशिपचे फॉर्म भरतो, आणि आता साइटही बनवून देतो. त्याने मला नमुने दाखवले. पहिल्या पानावर एकच फोटो, पडदाभर. "मैडम, पहला फोटो ऐसा चाहिए कि आदमी रुक जाए," म्हणाला.

मला शोधावा लागला नाही. कोणता ते तुला माहीत आहे. रोवणीच्या दिवशी कामठ्याच्या धानाच्या बांधीत तुझी आई पऱ्ह्यांच्या कोवळ्या रोपांची जुडी हातात घेऊन उभी, गालाला चिखल, मान मागे टाकून हसते आहे, पुढचा एक दात नाही. मागे वाकलेल्या बायांची रांग. ओमेश खरंच थांबला. त्याच्या हातातला चहा तसाच राहिला. मग विचारतो, "इसके नीचे फोटोग्राफर का नाम क्या डालूं?"

आता, नाव माझंच पडायला हवं. तो फोटो मी काढला आहे. तुझं म्हणणं तू काढलास. कृषी केंद्रवाल्याने तो फोटो कॅलेंडरवर घेऊन खाली माझं नाव छापलं, तेव्हा तू असं काही रान उठवलंस की आपलं दोघींचं फोटोंचं दुकान बसलं. आणि वाटणी तरी कशी केली आपण! भाऊ-भाऊ शेताच्या मधोमध मातीचा धुरा टाकतात तशी. खुर्ची तुला, स्टूल मला. बॅटरी तुला, चार्जर मला. आणि कॅमेऱ्याचं धड माझ्याकडे, लेन्स तुझ्याकडे. दोघीही शहाण्या. त्या दिवशी घरी जाऊन मी ते बिनडोळ्याचं धड टेबलावर ठेवलं आणि पाहत बसले.

ते असो. मी दुसरी लेन्स घेतली, काम चालू आहे. तू एवढंच कळव की आईचा फोटो माझ्या नावाने लावला तर तुझी हरकत आहे का. महिनाभरात उत्तर नाही आलं तर हरकत नाही असं समजेन.

योगेश्वरी


तिरोडा
२९ मे २०२५

रीता,

उत्तर नाही. महिना व्हायचा आहे, म्हणून मी अजून काही समजलेली नाही.

गर्मीने जीव नकोसा झाला आहे. दुपारभर कूलरसमोर बसून जुने फोटो चाळते. साइटवर लावायला थोडेच लागतात, पण ओमेश म्हणतो निवडून द्या, मी नाही निवडणार. त्याच्या हातात दिलं तर तो नुसते सारस आणि सूर्यास्त लावेल.

मला तर आपले मांडवातले फोटो हवे आहेत. बाकी सगळे फोटोवाले पुरुष, त्यांना बायांच्या घोळक्यात कोण येऊ देणार? आपल्याला मात्र आतून हाक यायची. हळदीने पिवळ्या झालेल्या मामी, गाणं विसरून एकमेकींकडे पाहणाऱ्या काकू, रुसलेली नणंद, नवरीच्या पायाशी झोपलेलं पोर. असे फोटो पूर्ण जिल्ह्यात कोणाकडे नाहीत. हे मी फुशारकीने म्हणत नाही. बरं, फुशारकीनेच म्हणते.

पण एक गोची झाली आहे. मी एकेक फोटो उघडते आणि हा कोणी काढला ते आठवायला बघते. नाही आठवत. कॅमेरा एकच होता. तुझा हात दुखला की माझ्याकडे, माझं डोकं दुखलं की तुझ्याकडे. एक काढायची, दुसरी छत्री धरायची आणि बायांना "पदर नीट घ्या ओ" म्हणून ओरडायची. काही फोटो बघून वाटतं, हा रीताचाच, एवढं जवळ जायची हिंमत तिचीच. काही माझे, कारण मला उजेड खिडकीतून लागतो. मधले ढीगभर कोणाचे, ते देव जाणे.

एक मात्र सांगते. आईच्या फोटोबद्दल मला अशी शंका नाही. बटण दाबल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. तुझ्याही कानात असेल, तो भाग वेगळा.

ओमेशला अजून एक पान लागतं, स्वतःबद्दलचं. "बस दस लाइन लिख दो, मैडम, आप कौन हैं, कब से काम कर रही हैं." मी लिहायला बसले. "मी योगेश्वरी टेंभरे. मी तिरोड्याला राहते. मी लग्नाचे फोटो काढते." पुढे लिहिलं, "आम्ही सुरुवात केली तेव्हा..." आणि थांबले. ओमेशने विचारलं, "ये आम्ही में और कौन है?" मी म्हटलं, तू तुझे सातबारे काढ.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आईकडे येऊन गेलीस का? आली असलीस तर तिरोडा काही लांब नव्हतं.

योगेश्वरी


तिरोडा
१४ जून २०२५

रीता,

तुझं पार्सल मिळालं.

आत एक चिठ्ठी तरी टाकायचीस. जुन्या टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळलेली लेन्स, बस. पोस्टमनसमोरच फोडलं मी. तो विचारतो, "काय हाये जी?" मी म्हटलं, आमच्या वाटणीतला तिचा हिस्सा.

आधी मला राग आला. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, तू म्हणतेस, घे, ही पण घे, फोटो पण घे, नाव पण घे, आणि माझा पिच्छा सोड. मी ती लेन्स कपाटात टाकून दिली आणि दिवसभर घरात भांडी आपटत फिरले. माझी आई म्हणाली, भांड्यांनी काय केलं आहे तुझं?

मग संध्याकाळी काढून खिडकीशी धरली. रीता, आत बुरशी आहे. कडेपासून मधोमध अशी जाळी पसरली आहे. एका पावसाळ्यात एवढी होत नाही. म्हणजे तू ती वापरलीच नाहीस. पावसाळ्यात आपण ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचो. तुझी आई ओरडायची की तांदूळ रांधताना एखाद्या दिवशी मी हे पण रांधीन. तू तेवढंही केलं नाहीस. डबा तर घरात असेल ना?

मी इतके दिवस मनात तुझ्याशी भांडत होते. मला वाटायचं, तिकडे बालाघाटला तू माझ्यापेक्षा चांगलं काम करत असशील आणि मला दाखवत नसशील. त्या विचाराने मी चांगलं काम करायचे, खरं सांगते. लग्नात एखादा फोटो जमला की मनात म्हणायचे, घे रीता, असा काढून दाखव. आणि तू काढतच नव्हतीस. मी एकटीच शर्यत पळत होते.

हे कळून मला काही बरं वाटलेलं नाही, एवढं समज.

लेन्स नागपूरला साफ करायला देते आहे. साइटचं काम ओमेशला थांबवायला सांगितलं.

योगेश्वरी


तिरोडा
२२ जून २०२५

रीता,

आज मी कामठ्याला गेले होते, तुझ्या आईकडे. तुला कोणी सांगायच्या आधी मीच सांगते.

मावशी दारात बसून लसूण सोलत होती. मला पाहून उठली नाही की बस म्हणाली नाही.

"काऊन वं योगेश्वरी, आता आठवली मावशी? कायले आली?"

मी म्हटलं, "तुमचा तो रोवणीतला फोटो इंटरनेटवर टाकाचा हाये. विचाराले आली."

"क्यालेंडरवर टाकला तेव्हा कोनी विचारलं होतं मले? ते पाय."

तिने बोट दाखवलं, आत भिंतीवर ते कॅलेंडर अजून टांगलेलं आहे. तारखा केव्हाच्या शिळ्या झाल्या. मी तसं म्हटलं तर मावशी म्हणाली, "तारखा जुन्या झाल्या त झाल्या. थोबाड त माझंच हाये ना!"

मग मी मोबाइल काढून फोटो मोठा करून दाखवला आणि सरळच विचारलं, मावशी, तुम्ही समोर उभ्या होत्या, आता तुम्हीच निवाडा करा, कॅमेरा कोणाच्या हातात होता? मावशीने फोटो लांब धरला, जवळ धरला आणि एकदम हसायला लागली. "आठवलं वं. तुमच्यातली एक बांधीत पडली होती. धपकन! तिले पाहून मी हासून राहिली होती. दुसरीच्या हातात क्यामेरा होता."

मी सरसावून बसले. "पडली कोण?"

"आता काय सांगू माय. दोघीही चिखलानं भरून होत्या. कोन योगेश्वरी अन् कोन रीता, काही समजून राहिलं नव्हतं."

घे. साक्षीदार मिळाला, आणि साक्ष ही अशी. मला तर आठवतं की पडली तू होतीस. तुला आठवत असेल की पडले मी.

मी हसले, पण मावशी हसायची थांबली. लसणाचं सुपडं बाजूला ठेवलं आणि मला धारेवर धरलं. मी जसंच्या तसं लिहिते, कारण यातलं अर्धं तुझ्या वाट्याचं आहे. "चार वरसं तुम्ही दोघी भांडून राहिल्या. माझ्या थोबाडासाठी! थोबाड माझं, हासू माझं, बांधी मी ठेक्यानं केलेली, चिखल बी माझ्याच बांधीतला. अन् नाव कोनाचं टाकाचं, ते तुम्ही ठरवून राहिल्या? त्याच्या खाली रुख्मा शेंडे लिहाव, असं कोनाच्या डोक्यात तरी आलं का?"

तुझ्याकडे याचं उत्तर असलं तर तिला कळव.

लसूण मीही सोलायला लागले. मग मावशीच आपणहून म्हणाली, "रीता आता फोटो काढत नाही, माहीत हाये का तुले? दुकानात दुसऱ्याचे फोटो छापते. मी म्हटलं, कायले सोडलं वं? त म्हनते, एकटीनं करमत नाही." एवढं बोलून पदराने नाक पुसलं आणि लसणाला शिव्या दिल्या.

तिचे गुडघे फार दुखतात. उठताना भिंत धरावी लागते. तुला फोनवर सांगत नसेल, म्हणून मी सांगते. यंदाची रोवणी तिची शेवटची. पुढच्या साली बांधी सोडणार, मालकाला निरोपही गेला आहे. निघताना मला म्हणाली, "रोवणीले येजो. क्यामेरा घेऊन येजो. पन एकटी आली त धुऱ्यावर पाय ठेवू देनार नाही. तिले घेऊन ये."

मी म्हटलं, ती माझं ऐकत नाही. तर म्हणे, "मंग तू बी येऊ नको."

योगेश्वरी


तिरोडा
६ जुलै २०२५

रीता,

पाऊस चांगला झाला आहे. कामठ्याहून निरोप आला की पऱ्हे रोवणीला आले आहेत, पुढच्या आठवड्यात मावशीच्या बांधीत चिखलणी. पाऊस असाच राहिला तर १६ तारखेला, बुधवारी रोवणी.

लेन्स नागपूरहून साफ होऊन आली. दुकानदार म्हणाला, कडेला थोडा डाग राहील, पण चालेल. मी ती आपल्या जुन्या कॅमेऱ्याला लावून पाहिली आणि माझ्या आईचे, मांजराचे, समोरच्या लिंबाचे फोटो काढले. चालते. आता डब्यात आहे, तांदळात.

साइट तयार आहे. मांडवातले सगळे फोटो लावले. खाली नाव कोणाचंच टाकलं नाही. पहिलं पान मात्र कोरं ठेवलं. ओमेश रोज विचारतो, "मैडम, कब तक खाली रखोगे?" त्याचंही बरोबर आहे. कोरं पान पाहून कोणी माणूस थांबणार नाही. पण आईचा तो फोटो मी आता तुला विचारल्याशिवाय लावणार नाही, आणि महिनाभराची मुदत वगैरे जे लिहिलं होतं ते सोडून दे. मी तो काढला असं मला अजूनही वाटतं. ते माझं वाटणं माझ्याजवळ राहू दे.

मला तू हवी आहेस. साइटसाठी नाही, परवानगीसाठी नाही. लग्नात कोणीतरी मागून "योगे, उजेड गेला, सरक" म्हणून कोपराने ढोसायला हवं असतं. आता कोणी ढोसत नाही. मी दुसऱ्या दोन मुली ठेवून पाहिल्या. एक मला मॅडम म्हणायची, दुसरी मी काढलेला प्रत्येक फोटो छान म्हणायची. दोघींनाही पाठवून दिलं.

तू मला भेटायला येऊ नकोस. तेवढा राग राहू दे हवा तर. पण आईची शेवटची रोवणी आहे, त्यासाठी ये. तू आलीस आणि तुला मी नको असले, तर मी धुऱ्यावरूनच परत जाईन. मावशीला काय सांगायचं ते मी पाहीन. कॅमेरा तुझ्याकडे देऊन जाईन.

बुधवारी. बालाघाटहून सकाळच्या गाडीने निघालीस तर दुपारच्या भाकरीला पोचतेस.

योगे


तिरोडा
२७ जुलै २०२५

रीता,

तू घरी नीट पोचलीस हे भूपेंद्रजींनी कळवलं. अंग अजून दुखत असेलच. माझी कंबर आठवडाभर सरळ झाली नाही. इतकी वर्षं आपण वाकलेल्या बायांचे फोटो काढले, पण वाकून पाहिलं नव्हतं. आपण दिवसभरात तसं फारसं काही बोललोच नाही, ते एक बरं झालं.

तू धुऱ्यावर आलीस तेव्हा मला खरं तर पळून जावंसं वाटलं होतं. पिशवी हातात, चप्पल हातात, आणि नजर आईकडे, माझ्याकडे नाहीच. मी कॅमेरा पुढे केला. तू घेतला नाहीस. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात मावशी बांधीतून ओरडली, "उभ्या काऊन राहिल्या वं दोघी? पाहुन्या हाव का? पऱ्हे फेका इकडे!" आणि आपण दोघी चिखलात उतरलो. त्या माउलीने आपल्याला विचार करायला वेळच दिला नाही.

भाकरीनंतर तू आपणहून हात पुढे केलास ते मी विसरणार नाही. हात लुगड्याच्या तुकड्याला तीनदा पुसलास. पहिले काही फोटो तुझे वाईट आले आहेत, सांगून ठेवते, उजेड तुझ्या मागे ठेवायची सवय गेली आहे तुझी. मग चौथ्या-पाचव्याला हात बसला. मावशी गुडघ्यावर हात ठेवून उठते आहे, बाकीच्या बाया तिच्यासाठी थांबल्या आहेत, तो फोटो मी कितीदा पाहिला असेल. तो मी काढला असता असं म्हणायचीही माझी टाप नाही. मी त्या दिवशी एकदाही बटण दाबलं नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही. छत्री धरून तुझ्या मागे उभं राहायला मला चार वर्षांनी मिळालं होतं.

तुझे फोटो साइटवर लावले. खाली तुझं नाव आहे. आईच्या जुन्या फोटोखाली तिच्या म्हणण्याप्रमाणे रुख्मा शेंडे, कामठा. काढणारीचं नाव नाही. तुलाही हेच चालेल असं तू गाडीत बसताना मानेने म्हणालीस, मी तसं धरलं आहे. नसेल तर भांड, पण फोनवर.

आता मुख्य. तू निघायच्या आधी मावशीने कॅमेरा हिसकावून घेतला होता, ते आठवतं ना? "आन इकडे. नेहमी मीच कायले उभी राहू? उभ्या राहा दोघी. जवळ, अजून जवळ, तुमच्यात काय विटाळ हाये का?" आणि चिखलाच्या बोटांनी ते बटण शोधत बसली. सापडेना, म्हणून स्वतःलाच हसायला लागली, मग आपण हसलो, आणि तेवढ्यात कुठेतरी ते दाबलं गेलं.

तो एकच फोटो आला आहे. तुझं डोकं कपाळापासून वर नाही. माझा अर्धा चेहरा चौकटीबाहेर आहे. धुरा तिरपा, आभाळ जास्त, आणि सगळा फोटो हललेला.

मी तो ओमेशला दिला आणि म्हटलं, हा पहिल्या पानावर. खाली लिही, फोटो काढला रुख्मा शेंडे यांनी. ओमेशने डोळे बारीक करून पाहिलं. त्याला माझी काळजी वाटली असावी. "मैडम, इतने अच्छे फोटो छोड़कर ये? ये तो हिल गया है."

मी म्हटलं, "हिलेगा ही. लेनेवाली हंस रही थी."

योगे